"कुणाला सांगू नका" म्हणाला की तिथंच ओळखा

मागच्या अंकात आमच्या कॉलनीतल्या चोरीबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हणलं होतं की फसवणुकीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. एवढी पत्रं आली की पोस्टमननं सांगलीत घरी येऊन विचारलं, ताई लग्नबिग्न आहे का घरात. मी ३१ वर्षं बँकेत काढली, आधी कॅशला आणि मग ठेवींच्या टेबलाला, त्यामुळं पैसे कसे येतात आणि कसे जातात हे डोळ्यानं बघितलंय, तेवढ्यावरच उत्तरं देते. बहुतेक पत्रांत एकच विनंती आहे, नाव छापू नका. नाही छापणार. पण ही विनंती वाचून वाईट वाटतं, कारण चोरी दुसऱ्यानं केली आणि तोंड लपवायची वेळ आपल्यावर आली.

प्रश्न : माझे सासरे रिटायर शिक्षक, वय ७४. त्यांना व्हिडिओ कॉल आला, समोर पोलीस ड्रेसमधला माणूस, तुमच्या आधारवर पार्सल गेलंय त्यात ड्रग्ज सापडलेत म्हणाला. दोन दिवस ते खोलीतनं बाहेर आले नाहीत, आम्हाला वाटलं तब्येत बरी नाही. ३ लाख ८० हजार गेले. पैसे परत मिळतील का? ते आता कुणाशीच बोलत नाहीत. (एक सून, सातारा)

वहिनी, आधी पैशाचं सांगते, मग सासऱ्यांचं. अजून केलं नसेल तर हे वाचत असतानाच १९३० ला फोन लावा, तो सरकारचा सायबर हेल्पलाईन नंबर आहे, नाहीतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या साईटवर तक्रार भरा. हाताशी पासबुक ठेवा, कुठल्या खात्यातनं, कुठल्या तारखेला, किती वाजता, किती गेले आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर, हे सगळं विचारतात. तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळतं आणि तिथं जेवढे शिल्लक असतील तेवढे थांबवले जातात, पुढं दुसऱ्या खात्यात गेले असतील तर तिथपर्यंत माग काढतात. पण ते लोक काही तासांतच दहा वीस खात्यांत पैसे फोडून टाकतात, म्हणून पहिले एक दोन तास फार मोलाचे. तुमच्या केसमध्ये दिवस गेलेत, तरी तक्रार करायचीच, एखाद्या खात्यात ४० हजार अडकून पडलेले असतात आणि ते परत मिळू शकतात. तक्रारीचा नंबर घेऊन पोलीस स्टेशनला पण जाऊन या.

बँक भरून देईल का असं बरेच जण विचारतात. रिझर्व्ह बँकेचं २०१७ च्या जुलैमधलं परिपत्रक आहे, त्यात तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्यानंच खात्यातनं पैसे काढले आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा येत नाही. पण सासऱ्यांनी स्वतः पाठवलेत, भीतीनं का असेना, त्यामुळं त्या नियमाचा आधार इथं मिळणं अवघड आहे. खोटी आशा लावत नाही. आणि एक लक्षात ठेवा, थोड्या दिवसांनी दुसरा फोन येईल, आम्ही तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फक्त एवढी फी भरा. ते पण चोरच, बुडालेल्यांच्या याद्या त्यांच्यात फिरतात.

सासऱ्यांना असं व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवलं त्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, आणि तसला प्रकार आपल्या कायद्यात कुठंच नाही. पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मन की बातमध्ये सुद्धा हे सांगितलं होतं. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम, कुणीच व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे कुठल्या "सरकारी खात्यात" ठेवायला लावत नाही. पण वहिनी, हे माहीत असलेला माणूस पण अडकतो, ते मी बघितलंय.

२०२४ चा पावसाळा, माझं नोकरीचं शेवटचं वर्ष. एक गृहस्थ एफडी मोडायला आले. ओळखीचे, दर महिन्याला पेन्शनला यायचे आणि माझ्या आईची चौकशी करायचे. त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. शर्टाच्या खिशात मोबाईल उभा, कॅमेरा खिशाच्या वर. मी विचारलं, काका एवढी मोडताय, काय काढलंय? म्हणाले, फ्लॅट घेतोय. सही जुळली नाही, मी परत करायला लावली, दुसऱ्या सहीला पेन एवढं थरथरलं की आडनावाचं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. मी पाणी दिलं. मला वाटलं बीपी असेल. आरटीजीएस माझ्याच हातनं गेलं. तीन दिवसांनी मुलगी त्यांना हाताला धरून घेऊन आली. खिशातला तो मोबाईल माझ्यासमोर चालू होता, आम्ही बोललेलं सगळं पलीकडं ऐकू जात होतं आणि मला उमगलं नाही. ती सही अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

त्यानंतर नोकरीत होते तोवर मी एक सवय लावून घेतली. म्हातारं माणूस घाईनं एफडी मोडायला आलं की तोंडानं काही विचारायचं नाही, स्लिपच्या मागं लिहायचं "फोनवर कोणी आहे का? मान हलवा" आणि पुढं सरकवायची. बँकेत काम करणारं कोण हे वाचत असेल तर एवढं जरूर करा.

आता सासऱ्यांचं. दोन दिवस त्यांना सांगितलं गेलं की घरातल्यांना कळलं तर त्यांनाही आत टाकू. म्हणजे त्यांनी पैसे दिले ते तुम्हाला वाचवायला. हे त्यांना एकदा तोंडानं बोलून दाखवा. घरात कुणी "एवढे शिकलेले असून" हे वाक्य काढलं तर त्याला तिथल्या तिथं गप्प करा. जमलं तर शेजारच्या त्यांच्या वयाच्या दोघा तिघांना चहाला बोलवा, ते स्वतः सांगतील तेव्हा सांगतील.

प्रश्न : आमी विट्याच्या. मालक ३० वर्षं गलाईला हुते, कोइमतूरला. दुपारी दोन पोरं आली, पितळंचा तांब्या चकचकीत करून दावला, पावडर फुकट दिली, मग पाटल्या मागितल्या. त्यांच्या वाटीत कायतरी पाणी हुतं त्यात बुडवल्या, मग हळदीच्या पाण्यात घालून कुकरात ठेवल्या आणि अर्ध्या तासानं उघडा म्हनले. पाटल्या हुत्या कुकरात, पण सोनाराकडं वजन केलं तर ४ तोळ्याचं ३ भरलं. सोनं गेलं कुटं? मालक चार दिस झालं जेवना धड. (एक मावशी)

मावशी, सोनं त्या वाटीतल्या पाण्यात गेलं. ते पाणी नव्हतं, तेजाब होतं. मिठाच्या आम्लाचे तीन भाग आणि नायट्रिकचा एक भाग एकत्र केला की त्याला अम्लराज म्हणतात. सुट्टं एकेक आम्ल सोन्याला काही करत नाही पण दोन्ही मिळालं की सोनं विरघळतं, आणि विरघळलेलं पाणी पिवळंच दिसतं, शेजारी हळदीचं पिवळं पाणी असल्यावर कुणाला शंका येणार. कुकर आणि अर्धा तास कशाला, तर त्यांना गावाबाहेर पडायला. घरी गेले की त्या पाण्यात हिराकस टाकायचा, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाला बसतं, आटवलं की झालं.

हे सगळं तुमच्या मालकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खानापूर आटपाडीकडची आमची माणसं देशभर पेठांमधनं हेच तर गलाईचं काम करतात, लोकांच्या सोन्यातली भेसळ काढून शुद्ध सोनं हातात देतात, गुंजभर इकडं तिकडं झालं तर पेठेतनं नाव जातं. ज्या विद्येवर त्यांनी ३० वर्षं इमानानं संसार केला त्याच विद्येनं त्यांच्या घरात चोरी झाली. मला वाटतं ते तुमच्यावर चिडलेले नाहीत, त्यांना ते लागलंय. त्यांना बरोबर घेऊन पोलीस स्टेशनला जा, वजनाची सोनाराची चिठ्ठी, पाटल्यांची जुनी पावती असेल तर ती, आणि ती फुकट दिलेली पावडर पण न्या. पोरं काही सांडून ठेवून गेली असतील तर हातानं पुसू नका, भाजतं. एकच तोळा गेला म्हणून गप्प बसू नका, तुमच्या तक्रारीवरनं शेजारच्या तालुक्यातली दुसरी केस जुळते.

आणि गल्लीत विचारून बघा, तुमच्या आधी ती पोरं तीन चार दारं फिरली असणार. कुणीतरी "नको बाबा" म्हणून दार लावून घेतलं असेल आणि परत वाकळ शिवत बसलं असेल. त्या बाईनं दार लावल्यावर एक हाळी दिली असती तर पुढचं दार उघडलं नसतं. दुपारी १२ ते ४ गल्लीत बायकाच असतात, तेव्हा हे बायकांनीच ठरवायचं, दागिन्याचं नाव काढणारा कोण आला की शेजारणीला हाक मारायचीच. रस्त्यात अडवून "पुढं खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारे तोतया पोलीस पण ह्यातलेच. खरा पोलीस कधी कुणाला दागिने काढायला लावत नाही.

प्रश्न : कॉलेजमधला मित्र म्हणतोय तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला ५ हजार देतो, गेमिंग कंपनीचं काम आहे. एटीएम आणि सिम त्याला दिलंय. काही प्रॉब्लेम होईल का? (कऱ्हाड)

होईल, मोठा होईल. वरची साताऱ्याची गोष्ट वाच. त्या मास्तरांचे पैसे जिथं गेले ना, तशा खात्यांपैकी एक तुझं आहे. पोलीस माग काढत येतात तेव्हा पहिल्यांदा ज्याच्या नावावर खातं त्याच्याच दारात येतात, मित्राच्या नाही. आजच बँकेत जा, कार्ड ब्लॉक कर, खातं थांबवायचा अर्ज दे आणि त्याची पोच घे, सिम कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर बंद कर, आणि आईवडिलांना सांगून त्यांच्याबरोबर पोलीस स्टेशनला जाऊन लेखी दे. आपण होऊन गेलास तर तुझं म्हणणं ऐकतील. संचार साथी या सरकारी साईटवर तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं, ते पण बघून घे. ५ हजारासाठी नोकरीच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनला अडकू नकोस बाळा.

प्रश्न : द्राक्षबाग दीड एकर. व्यापाऱ्यानं पहिल्या दोन गाड्या रोख नेल्या, तिसऱ्याला चेक दिला आणि चौथी उधारीवर. आता फोन बंद, खोली रिकामी. चेक पण वटला नाही. (तासगाव तालुका)

दादा, पहिल्या दोन गाड्यांचे रोख पैसे हेच त्याचं भांडवल होतं. तेवढ्यावर त्यानं विश्वास कमावला आणि शिवारातल्या दहा बागांतनं शेवटचा माल उचलला. आणि हे दर हंगामाला होतं, दरवेळी नवा माणूस, नवी भाड्याची खोली, तीच चाल. द्राक्ष थांबत नाही हे त्याला पक्कं माहीत असतं, साखर भरली, आभाळ आलं की शेतकरी म्हणतो ने बाबा एकदाचं, चार किलोला दहा रुपये जास्त देणारा असला की नाव गाव कोण विचारतंय.

चेकचं तारखांवर असतं, उद्यावर टाकू नका. बँकेकडनं चेक परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे, त्यानं नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यापुढं एक महिन्यात कोर्टात केस, कलम १३८. पत्ता माहीत नाही म्हणून थांबू नका, चेकवर खातं आहे, भाड्याच्या खोलीचा पत्ता आहे, वकील बघतील. त्याशिवाय फसवणुकीची फिर्याद वेगळी, पूर्वीचं ४२० आता नव्या संहितेत ३१८ झालंय. वजनाच्या चिठ्ठ्या, गाडीचा नंबर, त्याच्या फोनवरचे मेसेज, पॅकिंगला आलेल्या बायकांची साक्ष, खोली देणाऱ्या मालकाचं नाव, हे सगळं एका पिशवीत घाला आणि बुडालेले दहाही जण एकत्र जा. एकटा गेला की व्यवहारातला वाद म्हणून परत पाठवायची शक्यता असते, दहा जणांच्या चिठ्ठ्या टेबलावर पडल्या की डाव दिसतो.

पुढच्या हंगामासाठी माझं कळकळीचं सांगणं आहे, हे एकट्या बागायतदाराच्या हातात नाही, गावानंच ठरवावं लागतं. सौदा करायच्या आधी व्यापाऱ्याचं आधार, पॅन, जीएसटी नंबर आणि फोटो गावात एका ठिकाणी जमा, त्याला ओळखणारा एक स्थानिक माणूस जामीन, इसार बँकेतनं, आणि आधीच्या गाडीचे पैसे खात्यावर आल्याशिवाय पुढची गाडी भरायची नाही. खोली भाड्यानं देणाऱ्यानं पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायचीच. एकानं जरी दोन रुपये जास्त मिळतात म्हणून नियम मोडला तरी चोराला वाट मिळते, आणि तो एक जण आपल्या भावकीतलाच असतो, त्यामुळं ह्यावर पारावर बसून आधीच मोकळं बोला.

प्रश्न : वाडीवर रात्री गस्त सुरू केलीय. ड्रोन फिरतात, चोर आलेत असे मेसेज येतात. पोरं काठ्या घेऊन फिरतात, अनोळखी दिसला की अडवतात. हे बरोबर आहे का? (जत तालुका)

गस्त बरोबर. काठ्या आणि अडवणं याची मला भीती वाटते, आणि जतकरांना तर मी हे हात जोडून सांगेन. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तुमच्याच तालुक्यात लवंग्याला उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना पोरं पळवणारे समजून लोकांनी मारलं. ते खरंच साधू होते, देवदर्शनाला निघालेले. ते वाचले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण वाचले नाहीत, भिक्षा मागायला गेलेली मंगळवेढ्याकडची माणसं, मोबाईलवरच्या अफवेनं मारली गेली. तिथल्या लोकांना पण आपण गाव राखतोय असंच वाटत होतं.

तेव्हा असं करा. पोलीस पाटलांकडं सांगून ग्राम सुरक्षा दलात नावं नोंदवा म्हणजे कोण कुठल्या रात्री आहे ते पोलीस स्टेशनला माहीत राहील. चौघं चौघं जा, बॅटरी आणि शिट्टी, बास. अनोळखी दिसला तर लांबनं विचारायचं, पावणं कुठलं, कुणाकडं निघालाय. शंका आली तर ११२. अंगाला हात लावायचा नाही, मोबाईल हिसकावायचा नाही, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही. पिणाऱ्याला गस्तीवर घ्यायचं नाही, तो गावचा कितीही लाडका असला तरी. काही गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका नंबरला फोन करून बोललं की तोच आवाज नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर एकदम जातो, आग लागली, चोर आले, बिबट्या दिसला, सगळ्याला उपयोगी. तुमच्याकडं नसेल तर ग्रामसभेत विषय काढा. ड्रोनचा मेसेज आला की पाठवणाऱ्याला विचारा, तू स्वतः बघितलास का? कुणी बघितला? दुसऱ्या प्रश्नालाच बहुतेक मेसेज संपतो.

ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की त्यांच्या खोपी शिवारात पडतात आणि गावात काही हरवलं की पहिला संशय त्यांच्यावर. पहाटे चारला कोयता घेऊन उठणारी माणसं आहेत ती. आल्या आल्या त्यांच्या मुकादमाला भेटा, नावं आणि नंबर घ्या, आपला नंबर द्या. रात्री रस्त्याकडंला तेच जागे असतात, तुमच्या गस्तीला त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कुणाचा होणार नाही.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरनं लग्नपत्रिका आली, उघडली तर काहीतरी इन्स्टॉल झालं. आता मोबाईल गरम होतोय. काय करू? (मिरज)

पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप असतं, आणि ते तुमचे मेसेज म्हणजे ओटीपी परस्पर वाचतं. आरटीओ चलन, पीएम किसान, बँक केवायसी, ह्या नावांनी पण येतं. मोबाईल लगेच फ्लाईट मोडवर टाका आणि वायफाय बंद आहे ना ते बघा. दुसऱ्याच्या फोनवरनं बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा, बँकेचा नंबर पासबुकावरचा घ्या, गुगलवर शोधलेला नको. पैसे गेले असतील तर १९३०. मग ते ॲप काढा, आणि खरं तर दुकानात नेऊन फोन पूर्ण रिसेट करून घेतलेला बरा, फोटो गेले तरी चालतील.

आणि फ्लाईट मोडवर टाकल्या टाकल्या, बँकेच्या फोनच्या आधी सुद्धा, शेजारचं दार वाजवा आणि त्यांना ग्रुपवर टाकायला सांगा की अमक्यांच्या नंबरवरनं काही आलं तर उघडू नका, कारण त्या ॲपनं तोवर तुमच्या नावानं तीच पत्रिका पुढं पाठवलेली असणार, आणि तुमचं नाव बघून ती पहिल्यांदा कोण उघडेल, तर तुमची आई.